विहिणी निघाल्या हनिमूनला

मुकेशच्या हनुवटीवर पहिला फोड उठला तो मंगळवारी सकाळी, दाढी करताना. त्याला वाटलं, ब्लेड लागलं. दुपारपर्यंत पाठीवर अकरा झाले. संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला दारातच उभं करून लांबून पाहिलं आणि सांगितलं, "कांजिण्या. पंधरा दिवस घरातून हलायचं नाही."

आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याला हनिमूनला निघायचं होतं.

लग्नाला महिना झाला होता. मुकेश उल्हासनगरला जीन्सच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर खिशांची आणि शिलाईची डिझाइनं करायचा. त्याची बायको रविना बदलापूरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. दोघांच्या रजा जुळता जुळता महिना गेला. बाकीचे लोक गोव्याला जातात, महाबळेश्वरला जातात. मुकेशने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. तिकडे गुजरातेत, जामनगरच्या पुढे, समुद्रातच एक राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटीला पाणी लांब मागे जातं आणि माणसं समुद्राच्या तळावर चालत जाऊन ऑक्टोपस बघून येतात. झालं, मुकेशने ठरवलं, हेच. त्या उद्यानाजवळ खारबेट नावाचं छोटंसं बंदर होतं, तिथल्या गेस्ट हाउसचं 'नवदांपत्य पॅकेज' त्याने मोठ्या हौसेने बुक केलं होतं.

"सगळं रद्द करून टाक," तो आता भिंतीकडे तोंड करून म्हणाला. रविनाला लहानपणीच कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून ती बिनधास्त त्याच्या पाठीला गुलाबी लोशन लावत बसली होती.

"रद्द कशाला?" ती म्हणाली आणि दाराशी उभ्या असलेल्या सासूकडे वळली. "आई, तुम्ही जा ना."

माया शेजवळ अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्टोअर्सला हेडक्लार्क होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. जगात नियम नावाची एक गोष्ट असते आणि ती वाचलेली असावी, असं तिचं मत होतं. तिने लगेच सांगितलं, "कन्फर्म तिकीट आईबापाच्या नावावर करता येतं. चोवीस तास आधी खिडकीवर अर्ज द्यायचा. मुकेशच्या जागी मी नाहीतर याचे पप्पा. तुझ्या जागी मात्र तुझी आई नाहीतर तुझे वडील. मधेच भलतंसलतं चालत नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

तिचा नवरा नरेंद्र सोफ्यावरून म्हणाला, "माझा गुडघा. वाळूत मी नाही चालणार." रविनाने फोन लावला. पलीकडून तिचे वडील कान्हा म्हणाले, "मी गाडीत बसलो का ओकतो, तुला ठाव हाय. तुज्या आयेला ने."

अशा रीतीने बुधवारी सकाळी माया तिकीट खिडकीवर उभी राहिली, आणि मुकेश-रविनाच्या हनिमूनवर दोन विहिणींची नावं चढली.

आता या दोन विहिणींचं काय होतं ते सांगायला हवं. रविनाचं माहेर बारवी धरणाच्या पलीकडे, डोंगरातल्या वीस-बावीस घरांच्या पाड्यावर. भाताची थोडी शेती, बाकी जंगलातली आणि मिळेल ती कामं. तिची आई तुळशी पंचेचाळिशीची, काटक, कमी बोलणारी. मुलाने लव्ह मॅरेज ठरवलं तेव्हा मायाने एका शब्दाने विरोध केला नव्हता. विहारात साधं, छान लग्न लागलं, मग हॉलमध्ये जेवण. तुळशी त्या दिवशी आली तेव्हा हसत होती आणि गेली तेव्हा तोंड बंद करून गेली. त्यानंतर महिन्याभरात तिने अंबरनाथला पाऊल टाकलं नव्हतं. माया दोनदा फोनवर आली तर तुळशीने "हां, हां" करून फोन मुलीला द्यायला सांगितला. मायाने मनाशी ठरवून टाकलं होतं, बाई फार ताठ आहे.

शुक्रवारी संध्याकाळी बोरिवलीला गाडीत बसल्यावर ती ताठ बाई समोर बसली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायात काही नाही.

"चपला?" मायाने विचारलं.

"पिशवीत हायत. गाडीत खराब व्हतील."

वसई येईपर्यंत दुसरं वाक्य झालं नाही. विरार गेल्यावर मायाने डबा उघडला, मेथीचे पराठे पुढे केले. तुळशीनेही डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. चटणीचा वास डब्यातल्या समस्त मंडळींना कळला. वरच्या बर्थवरच्या एका शाकाहारी गृहस्थांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

"घ्या म्याडम," तुळशी म्हणाली.

मायाने घेतली. डोळ्यांत पाणी आलं, इतकी तिखट. पण अशी चटणी तिने आईच्या हातची खाल्ली होती, त्यानंतर कधी नाही. तिने दुसरी भाकरीही घेतली. मेथीचे पराठे तसेच राहिले. बोलणं मात्र तेवढंच.

शनिवारी सकाळी जामनगरला उतरून त्या जीपने खारबेटला पोचल्या तेव्हा बारा वाजले होते. गाव एवढंसं होतं. एक धक्का, तिथे कलंडलेल्या होड्या, जाळी वाळत घातलेली, दोन चहाच्या टपऱ्या, एक दर्गा, एक मंदिर, आणि सगळ्यांवर मिळून एक मोठा सुकटीचा वास. गेस्ट हाउस धक्क्याच्या टोकाला होतं. जीपमधून उतरल्यावर तुळशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. समोर क्षितिजापर्यंत करडा चिखल पसरला होता.

"समुद्र कुठाय?" तिने विचारलं.

तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. घरापासून दादर दोन-अडीच तासांवर, तरी नाही. माया दर वर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायची, तिचा समुद्राशी तेवढा परिचय होता. पण आत्ता तीही गोंधळली.

"गया," जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं गेलाय?"

"अंदर. शाम को आएगा."

तुळशीने जरा विचार केला. "आमच्या पाड्याच्या एस्टीसारखंच," ती म्हणाली.

मायाला हसू आलं. तिने ते रूमालात लपवलं, कारण तुळशी गंमत करतेय की खरंच सांगतेय, हे तिला कळेना.

गेस्ट हाउसची व्यवस्था जयाबेन नावाच्या ठेंगण्या, लगबग्या बाई बघत होत्या. त्यांना फक्त बुकिंगवरचं नाव माहीत होतं. त्या दारात आरतीचं ताट आणि गुलाबाचे दोन हार घेऊन उभ्या होत्या. दोन मध्यमवयीन बायका बॅगा घेऊन आत आलेल्या पाहून त्यांनी मागे बघितलं, जोडपं मागून येत असेल म्हणून.

"मुकेशभाई?" त्यांनी विचारलं.

"मी," माया म्हणाली.

"रविनाबेन?"

"मी," तुळशी म्हणाली.

जयाबेनचा चेहरा असा झाला की मायाने घाईघाईने कांजिण्यांपासून तिकिटाच्या नियमापर्यंत सगळं हिंदीत समजावलं. जयाबेनने ऐकून घेतलं. मग त्यांनी ताटाकडे पाहिलं, हारांकडे पाहिलं. "सामान तो आ गया है," त्या म्हणाल्या आणि दोघींनाही ओवाळून हार घातले.

खोलीचं दार उघडलं. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचं मोठं बदाम काढलं होतं. बदामाच्या मधोमध टॉवेलांचे दोन पांढरे हंस चोचीला चोच लावून बसले होते. भिंतीवर सोनेरी फुग्यांची अक्षरं: हॅपी हनिमून. टेबलावर केक, केकवर लाल क्रीमने 'मुकेश वेड्स रविना'. आणि खोलीत एकच पलंग.

दोघी उंबऱ्यात उभ्या राहिल्या, गळ्यात हार घालून. तुळशी पुढे गेली. तिने एका हंसाची मान धरून उचलली. हंस उलगडला आणि टॉवेल झाला. तिने दचकून मागे पाहिलं.

"मेलं वाटतं," ती म्हणाली.

मायाच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी नुसता फुस्स आवाज आला, मग तिला भिंतीला टेकावं लागलं. तुळशी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तीही, पदर तोंडात कोंबून. एकीचं थांबलं की दुसरी उरलेल्या हंसाकडे बघायची आणि पुन्हा सुरू. शेवटी माया पाकळ्यांच्या बदामावर बसली. जयाबेन दारातून बघत होत्या. "हमारे यहाँ इतना खुश कपल पहली बार आया," त्या म्हणाल्या, आणि तिघी मिळून नव्याने हसायला लागल्या.

संध्याकाळी पॅकेजमध्ये गच्चीवर मेणबत्त्यांचं जेवण होतं. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. त्या वर आल्या आणि तुळशी कठड्याशी जाऊन थबकली.

चिखल गेला होता. त्याच्या जागी पाणी होतं, थेट धक्क्याच्या दगडापर्यंत, आणि दुपारी कलंडलेल्या होड्या उठून उभ्या राहिल्या होत्या. पाणी लालसर झालेलं. त्याला टोक नव्हतं. तुळशीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कुठेतरी पलीकडचा काठ असेल म्हणून शोधलं. धरणाला असतो तसा.

"काठ नाय?" ती हळूच म्हणाली.

"नाही. म्हणजे आहे, पण फार लांब."

"यवढं पानी ठेवलंय कशात?"

माया तुळशीजवळ जाऊन उभी राहिली. आपण इतकी वर्षं दादरला जाऊन हे पाहिलं, पण गर्दीत मुलांचे हात धरण्यात आपलं सगळं लक्ष, समुद्राकडे असं बघितलंच नाही, असं तिच्या मनात आलं.

जेवताना वारा सुटला आणि मेणबत्त्या विझल्या. जयाबेनने ट्यूबलाइट लावली. मऊ बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, वांग्याची भाजी होती. दोघी पोटभर जेवल्या. केक कापला. मायाने 'मुकेश'वरून सुरी फिरवली, तुळशीने 'रविना' अख्खी खाल्ली. मग तुळशीने बोटं चाटली आणि एकदम विचारलं, "म्याडम, एक विचारू? राग येनार नाय ना?"

"विचारा की."

"लग्नात तुमी मना घरातली का नाय धरलीत?"

मायाचा घास हातात राहिला. "मी?"

"मी आनि माजी भैन सखू, आमी फोटोला इष्टेजवर चढत व्हतो. एक पाय पायरीवर व्हता माजा. तुमी खालून वरडलात, आधी घरच्यांचे काढा, बाकीचे मंग. मी पाय खाली घेतला."

मायाला तो क्षण आठवायला थोडा वेळ लागला. मग तिने कपाळावर हात मारला. "अहो, ते मी मुकेशच्या मित्रांना म्हटलं! ते सातआठ बैल अर्धा तास स्टेजवर ठाण मांडून होते. उतरेचनात. मी म्हटलं, आधी घरच्यांचे काढा, म्हणजे तुमचेच! तुम्ही येताना दिसलात म्हणून तर ओरडले मी!"

"माजे?"

"मग कुणाचे? मुलीची आई घरची नाही तर कोण घरचं? आणि नंतर मी शोधत होते तुम्हाला, तर तुम्ही टेम्पोत जाऊन बसलेल्या. मला वाटलं, जेवण आवडलं नाही. मटण कमी पडलं होतं शेवटी."

"मटन चांगलं व्हतं," तुळशी म्हणाली. "महिनाभर रागावून बसले मी. कान्हाशी भांडले. कोंबडीला काठी मारली एकदा."

"कोंबडीचं काय चुकलं?"

"तिचं काय नाय. ती मधे आली."

आणि पुन्हा सुरू झालं. खालून जयाबेनने हाक मारून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

रविवारी ओहोटी दुपारी सव्वाच्या सुमाराला होती. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर पास काढल्यावर त्यांना गाइड मिळाला, अल्पेशभाई. चाळिशीचा, गालापर्यंत मिशा, हातात काठी, गळ्यात शिट्टी. त्याच्या घरातले लोक तीन पिढ्या याच पाण्यात मासे धरायचे, आणि आता तो लोकांना मासे दाखवायचा. राजकोटहून आलेलं सहा जणांचं एक कुटुंबही त्याच्याबरोबर होतं.

"तीन बात," अल्पेशभाई म्हणाला. "बूट पहनना. मेरे पीछे चलना. और कुछ उठाना नहीं, शंख भी नहीं. यह जंगल है."

"जंगल?" तुळशीने मायाला विचारलं. "झाडं कुठं हायत?"

झाडं होती, किनाऱ्याला तिवरांची रांग. त्यातून वाट काढून ते बाहेर आले आणि समुद्राच्या तळावर चालायला लागले. मायाने खास नवे पांढरे बूट घेतले होते. तुळशीला फाटकावर भाड्याचे प्लास्टिकचे बूट मिळाले, एक सात नंबरचा, एक आठ. पहिली शंभर पावलं ती बदकासारखी चालली. पुढे पाणी घोट्यापर्यंत आलं, खाली खडबडीत प्रवाळ, शेवाळ, मधे मधे काचेसारखी स्वच्छ डबकी. मायाचे पाय लटपटायला लागले. शहरातली फरशी आणि फॅक्टरीचं सिमेंट सोडून ती कशावर चालली नव्हती. तुळशीला मात्र बूट विसरायला झाले. ओढ्यातल्या दगडांवरून चालायची तिला सवय होती. ती मायाचा हात धरून म्हणाली, "पाय आधी ठेवायचा, मंग भार द्यायचा. भार घेऊन पाय नाय ठेवायचा." तेव्हापासून माया पडली नाही. बराच वेळ.

अल्पेशभाई काठीने दाखवत होता. ही समुद्री काकडी, हात नाही लावायचा. हे फूल नाही, प्राणी आहे. तो टपोऱ्या डोळ्यांचा मासा, घाबरला की फुग्यासारखा फुगतो. राजकोटची मंडळी फोटो काढत होती. तुळशीचे डोळे भराभर फिरत होते. तेवढ्यात अल्पेशभाई थांबला.

"माजी," तो म्हणाला. "पल्लू में क्या है?"

तुळशीच्या पदराचा ओचा हलत होता.

"काय नाय," तुळशी म्हणाली. ओच्यातून एक नांगी बाहेर आली.

मायाने डोळे मोठे केले. "तुळशीबाई!"

"अवो, हात गेला आपोआप!" तुळशी लाजून लाल झाली. "जलमभर चिंबोऱ्या धरतेय. दिसली की हात जातो. मना कळलंच नाय कवा धरली!"

"पण अल्पेशभाईंनी सांगितलं ना, उचलायचं नाही!"

"मी कुठं उचलली? ती आली." पण तिने खाली बसून ओचा सोडला. तळहाताएवढी निळसर चिंबोरी पाण्यात पडली, नांग्या उगारून तिने चौघापाचांना धमकावलं आणि तिरकी तिरकी पळाली. राजकोटच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अल्पेशभाई रागवायच्या बेतात होता, पण त्याने आधी विचारलं, "आपने पकड़ा कैसे? मेरे को तो यह काटता है."

"मागून," तुळशी म्हणाली. "पुढून कोनालाबी धरू नये."

यानंतर अल्पेशभाईने तिला आपल्या पुढे चालू दिलं. तो अर्धा तास ऑक्टोपस शोधत होता. प्रत्येक खडकाखाली वाकून बघत होता आणि मान हलवत होता. "आज ठंड है, बाहर नहीं आता," तो म्हणाला. ऑक्टोपस न बघता परत जायचं, या विचाराने मायाचं तोंड उतरलं. मुकेशला ती व्हिडिओ दाखवणार होती.

"ते कसं असतं?" तुळशीने विचारलं.

"आठ पाय. हाडं नाहीत. कुठल्याही भोकात घुसतं. रंग बदलतं."

"खातं काय?"

मायाने ते अल्पेशभाईला विचारलं. खेकडे आणि शिंपले खातो, तो म्हणाला.

तुळशी परत फिरली. मागे वीस-पंचवीस पावलांवर ती एका साध्या दगडाशी उकिडवी बसली. दगडाला खालून मुठीएवढं भोक होतं. भोकाच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा आणि खेकड्याच्या कवचांचा एक छोटासा ढीग पडला होता.

"मगाशीच बघितला मी हा कचरा," ती म्हणाली. "दारात जेवनाचा कचरा हाय म्हंजे घरात कोन तरी हाय."

अल्पेशभाई वाकला. त्याने टॉर्च लावला. मग एकदम ताठ झाला आणि दोन्ही हातांनी सगळ्यांना गप्प बसायची खूण केली.

आधी काहीच दिसलं नाही. मग दगडाचा एक तुकडा हलला. त्या तुकड्याला डोळा होता. डोळ्याने एकेकाकडे पाहिलं. एक बारीक हात बाहेर आला, मग दुसरा, आणि बघता बघता तो सगळाच्या सगळा बाहेर वाहत आला, पाण्यासारखा, आणि करड्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा विटकरी, आणि हिरव्या शेवाळावर गेल्यावर त्याच्या अंगभर हिरवे ठिपके फुटले. मायाने मोबाइल धरला होता, पण नजर मोबाइलवर नव्हती. ऑक्टोपस तिच्या पांढऱ्या बुटाशी आला. एका हाताचं टोक बुटाच्या लेसला लागलं. त्याने लेस जराशी ओढून पाहिली.

"आई गं," माया कुजबुजली. "तो माझी लेस सोडतोय."

त्याला बहुधा बूट आवडला नाही. त्याने अंग आवळलं आणि फर्रकन पाण्याची एक पिचकारी मारली, ती सरळ मायाच्या चष्म्यावर. आणि शाईचा एक काळा ढग मागे ठेवून तो निघून गेला.

माया किंचाळली. अठ्ठावन्न वर्षांची, स्टोअर्सची हेडक्लार्क, चष्म्यावरून खारं पाणी गळत असलेली माया समुद्राच्या मधोमध उड्या मारायला लागली. "मारलं मला! त्याने मला पाणी मारलं! बघितलंस? तुळशी, बघितलंस?"

"बगितलं! डोळ्यात बगून मारलं!" तुळशीने तिचे दोन्ही हात धरले आणि तीही उड्या मारायला लागली, सात नंबरचा बूट एकीकडे, आठ नंबरचा दुसरीकडे. राजकोटच्या आजोबांनी टोपी हवेत उडवली. अल्पेशभाई एका हाताने त्या दोघींना खाली बघा, प्रवाळावर पाय देऊ नका, म्हणून सांगत होता आणि दुसऱ्या हाताने आपले डोळे पुसत होता. चौदा वर्षं तो गाइड होता. "इतना नज़दीक से किसी को नहीं मिला," तो म्हणाला.

मग शिट्टी वाजली. भरती लागली होती. पाण्यातले बारीक तरंग आता किनाऱ्याच्या दिशेने निघाले होते. घाई नव्हती, पण थांबून चालणार नव्हतं. राजकोटची मंडळी मात्र अल्पेशभाईच्या मागे जाईनात, तुळशीच्या मागे रांग लावून चालायला लागली. ती जिथे वाकेल तिथे सगळे वाकायचे. तिला मराठी सोडून काही बोलता येत नव्हतं आणि त्यांना मराठी येत नव्हतं. "हे बगा, इथं कालच कोन तरी येऊन गेलंय," ती वाळूतल्या एका रेघेकडे बोट दाखवून सांगायची, आणि राजकोटच्या काकू जोरजोरात माना हलवून म्हणायच्या, "हा, हा, बराबर."

तिवरांच्या जवळ शेवटचा चिखलाचा पट्टा होता. तिथे मायाचा उजवा बूट रुतला. तिने पाय उपसला तर नुसता पाय आला. बूट काढायला ती वाकली, तर डावाही रुतला. तुळशी मदतीला आली, तिने बूट धरून जोर लावला. बूट सुटला आणि दोघी मागच्या मागे बसल्या, थप्पकन, चिखलात, अगदी शेजारी शेजारी.

"उठो, माजी, उठो! पानी आ रहा है!" अल्पेशभाई ओरडला.

उठायचा प्रयत्न त्यांनी केला. पण एक उठली की दुसरीला बघून हसायची आणि परत बसायची. कानापर्यंत चिखल. कोमट, मऊ चिखल होता, आणि खरं सांगायचं तर बसायला फार बरं वाटत होतं. शेवटी राजकोटच्या दोन जावयांनी एकेकीला काखेत हात घालून उभं केलं.

गेस्ट हाउसच्या दारात जयाबेन दोन्ही हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या. "अंदर नहीं! कल ही फर्श धोया है!" त्यांनी बागेतला नळ दाखवला, पिवळा पाइप दाखवला.

तुळशीने पाइप उचलला. मायाने पाठ केली. "फक्त पाठीवर हं," ती म्हणाली, "केस नको, मला सर्दी—" आणि पाण्याचा झोत थेट डोक्यावर आला.

मायाने वळून पाइप ओढून घेतला. तुळशी जास्वंदीच्या मागे पळाली. माया पाइप घेऊन तिच्यामागे. पाइप संपला तिथे माया थांबली आणि अंगठ्याने तोंड दाबून पाण्याची लांब धार केली, ती जास्वंद ओलांडून गेली, तुळशीला लागली, आणि वऱ्हांड्यात चहा पिणाऱ्या एका पाहुण्यालाही लागली. त्याने कप झाकला आणि खुर्ची मागे घेतली, पण उठला नाही. बघत राहिला.

तेवढ्यात कठड्यावर ठेवलेला मायाचा फोन वाजला. घरून नरेंद्र होता.

"काय गं, जेवलीस का?" त्याने विचारलं. "मुकेशचा ताप उतरलाय. फोड सुकायला लागलेत. कसं चाललंय तुमचं? पटतंय का दोघींचं?"

मायाला उत्तर द्यायचं होतं, पण तिच्या पाठीवर गार पाण्याचा झोत आला आणि तिच्या तोंडून शब्दाऐवजी किंकाळी गेली.

"काय झालं? कोण आहे तिथे? कोण ओरडतंय?"

"काही नाही, ऐक," माया धापा टाकत म्हणाली, "उद्या ओहोटी पन्नास मिनिटं उशिरा आहे. गाडी संध्याकाळची आहे. आम्ही परत जाणार आहोत समुद्रात. थांब, थांब, मी तुला नंतर करते... तुळशी, अगं फोन आहे हातात! फोन भिजेल! तुळशी!"